कोपराच्या मापाचे वानखडे

"कोपर सोडा, बाई! सोडा म्हणतो ना! मी धरलंय काय ते?"

"मग कोणी धरलंय? साठ वर्षं माझंच आहे आणि असंच आहे."

"असं नसते जी कोपर! कोपर लोंबलं पायजे! वेलाले दोडका लोंबते तसं!"

दुसऱ्या मजल्यावरचा हा आवाज विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या चारही इमारतींत ऐकू जात होता, आणि वारा बरा असेल तर थेट आळंदीपर्यंत जात असावा. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ज्या मीटिंगला सेक्रेटरी निवडायचा असतो, नेमक्या त्याच मीटिंगला गैरहजर राहण्याची चूक ज्याच्या हातून होते, त्याला सेक्रेटरी म्हणतात. त्यामुळे अर्ध्या गालाला साबण आणि खांद्यावर पंचा अशा अवस्थेत मी खाली धावलो.

दार उघडंच होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कुमुदताई बेहेरे जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पुढ्यात इस्त्रीचं टेबल. त्यावर एक लांबलचक काळा कीबोर्ड, म्हणजे विजेवर चालणारी, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची ती बाजाची पेटी. आणि खाली फरशीवर, उताणे पडून, मेजरिंग टेपचं एक टोक दातांत धरून, आमच्याच जिन्यातले वानखडे.

"या, सेक्रेटरी," कुमुदताई म्हणाल्या. "बरं झालं आलात. हे गृहस्थ अर्धा तास माझ्याकडे जमिनीवरून बघताहेत. सोसायटीच्या नियमात बसतं का हे?"

वानखड्यांनी दातांतली टेप काढली. "कोपर खालूनच पाहा लागते. वरून पाहिलं का माणूस फसते," ते म्हणाले आणि टेप परत दातांत घातली.

वानखडे मूळचे अकोल्याकडचे. तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. मराठी पुण्याची झाली होती, पण रागावले किंवा मापात रमले की तिच्यातून वऱ्हाड असं उसळून वर यायचं की ऐकणाऱ्याला ऊन लागावं. देशाने जगासाठी दारं उघडली असं पेपरांत येत होतं त्या दिवसांत त्यांच्या कारखान्यातही एक परदेशी मशीन आलं, आणि उघडलेल्या त्याच दारातून वानखड्यांना बाहेर काढलं. व्ही.आर.एस., एक नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधलं आणि तसं कंपनीला पत्राने कळवलं.

शर्टाच्या खिशात पेन असावं तशी त्यांच्या खिशात पाणसळ असायची. हिरव्या पाण्यातला तो बुडबुडा मधोमध आला की त्यांचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा व्हायचा. "माप घेतल्याबिगर मत देऊ नये," हे त्यांचं ब्रीद. लग्नाआधी वानखडेकाकूंना बघायला गेले तेव्हा नाव, गाव, स्वयंपाक काही न विचारता एवढंच म्हणाले होते, "उंची पाच फूट एक. ओटा दोन इंच खाली घ्या लागन." आणि घेतला. काकू सांगायच्या, "चौतीस वर्षांत यांनी माझं एका शब्दानं कौतुक केलं नाही. पण पाठ म्हणून दुखली नाही हो कधी."

आमच्या जिन्यातल्या सातव्या पायरीला प्रत्येक जण ठेचकाळायचा. माझ्या सासूबाईंनी त्यावर वास्तुदोषाचा उपाय काढला होता. वानखड्यांनी माप काढलं. पायरी तीन सूत जास्त निघाली, म्हणजे जेमतेम नखभर. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'पायरी क्रमांक सात तीन सूत उंच आहे. पाय उचलताना विचार करावा.' त्या दिवसापासून सगळी सोसायटी विचार करून पाय उचलू लागली आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्यांवर पडू लागली.

तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर कंपनीत काम करणारी चार पोरं भाड्याने राहायची. त्यांतल्या रोहितची मान अवघडली, गळ्यात पट्टा आला. तो कामावर गेलेला असताना वानखड्यांनी बाकीच्यांच्या परवानगीने त्याच्या टेबलाचे पाय दोन इंच कापले. मान सुटली. पण गुडघे टेबलाखाली मावेनात, म्हणून खुर्चीचे पाय कापले. मग खुर्ची टेबलाला जास्तच बुटकी झाली, म्हणून पुन्हा टेबल. महिन्याभरात तो पोरगा पेढीवरच्या मुनीमजीसारखा जमिनीवर मांडी घालून अमेरिकेची कामं करायला लागला. त्याला बढती मिळाली. पुढे अमेरिकेला गेला आणि तिथल्या साहेबाकडे त्याने पहिली मागणी केली ती पाटाची. खोटं वाटत असेल तर त्याला पत्र टाकून विचारा, मी पत्ता देणार नाही.

तर कुमुदताई. चाळीस वर्षं त्यांनी पेटी वाजवली. टेलिफोन खात्यात उजव्या हाताने लोकांचे नंबर जोडायचे आणि संध्याकाळी त्याच हाताने भजनी मंडळाला सूर द्यायचा. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "आता मांडी विसरा." कुमुदताई डॉक्टरांदेखत मांडी विसरल्या आणि घरी येऊन त्यांनी पेटी साताऱ्याच्या भाचीला देऊन टाकली. मी म्हटलं, "ताई, इतकी घाई?" तर म्हणाल्या, "बसता येत नाही त्या घरात पाहुणे ठेवू नयेत." नंतर त्या मंडळात टाळ धरून खुर्चीवर बसायच्या आणि दुसऱ्या कोणाची पेटी चुकली की टाळ असा आपटायच्या की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची.

मंडळाने एक बाहेरचा पेटीवाला बोलवायचं चालवलं होतं. दीड महिन्यावर उपनगरांतल्या भजनी मंडळांची स्पर्धा आली होती. "एकदा बाहेरचा आत आला की आतला बाहेर," कुमुदताई मला म्हणाल्या आणि लगेच विषय बदलून पाण्याच्या टाकीची तक्रार केली. पण मला कळायचं ते कळलं. स्पर्धेत वाजवलं नाही तर ही बाई जन्मात पुन्हा पट्टीला बोट लावणार नव्हती.

तेवढ्यात परदेशातल्या मुलाने हा कीबोर्ड पाठवला. स्टँड पाठवला नाही. मुलगा म्हणाला, "आई, टेबलावर ठेव." जेवणाच्या टेबलावर ठेवला तर पट्ट्या हनुवटीला आल्या. पलंगावर ठेवला तर वाजवताना कुमुदताई पलंगाला नमस्कार करताहेत असं वाटायचं. शेवटी इस्त्रीचं टेबल आलं. त्यावर एक जोरदार सूर लावला की कीबोर्ड आगगाडीसारखा डावीकडे निघायचा. ही गोष्ट वानखड्यांच्या कानावर गेली, आणि ते जमिनीवर आडवे झाले.

आधी आम्ही रीतसर स्टँड आणायला शनिवार पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फुलीच्या आकाराचा, घडी होणारा स्टँड काढला. वानखड्यांनी विचारलं, "याची उंची किती सुतानं बदलते?"

"पाच खाचा आहेत."

"अन् पाचांत बसलं नाई तर?"

"वाजवणारा बदला," दुकानदार म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

स्टँड घरी आला आणि पहिल्याच दिवशी नापास झाला. फुलीचा गुण असा की उंच करायला जावं तर पाय जवळ येतात आणि सगळं लटपटतं. खाली घ्यावं तर फुलीची गाठ बरोबर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांत येते. कुमुदताईंचे गुडघे नवेकोरे. "महागाचे आहेत," त्या म्हणाल्या. "लोखंडावर लोखंड आपटायला दिलेले नाहीत मला."

मग वानखड्यांनी स्वतःचा स्टँड बनवायला घेतला. चौकोनी पाइप, चार पाय, गुडघ्यांना मधे मोकळी जागा. पण त्याआधी मापं. कुमुदताईंना त्यांनी सहा दिवस मोजलं. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावरच बसायचं, तळवे फरशीला पूर्ण टेकलेले. खांदे सैल, कोपर लोंबतं, मनगट वर नाही, खाली नाही. पोट आणि कीबोर्ड यांच्यात एक मूठ अंतर. सपाता घालून एकदा आणि काढून एकदा. कुमुदताई म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या शालूला एवढी मापं घेतली नव्हती."

"शालूले पिना लावता येते, बाई. कोपराले नाई."

शेवटी स्टँड उभा राहिला. वानखड्यांनी कुमुदताईंच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, ती पाणसळ आडवी ठेवली. बुडबुडा हलला, विचारात पडला आणि मधोमध येऊन थांबला. वानखड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं. तेही लेव्हलमध्ये होतं.

"आता वाजवा."

कुमुदताईंनी उजव्या हाताने अभंग धरला. पहिली ओळ सुरेख. दुसऱ्या ओळीला कुठूनसा ढोल वाजू लागला. तिसऱ्या ओळीला चा-चा-चा. चौथ्या ओळीला, विठोबाचं नाव ओठावर असताना, कीबोर्डमधून कुत्रं भुंकलं.

झालं होतं असं की उजवा हात शहाण्यासारखा वाजवत होता आणि डावा हात वर जाऊन बटणं दाबत होता. त्या यंत्रावर शंभर बटणं, आणि त्यांत शंभर संकटं. कुमुदताईंनी हात मांडीवर ठेवला, तो घसरून परत वर गेला. वानखड्यांनी त्या हाताला लिंबू दिलं. तिसऱ्या कडव्याला लिंबाचा रस निघाला. विणण्याची सुई दिली, ती कुमुदताईंनी मला टोचली. आठवडाभर हे चाललं. एकदा तर समोरच्या इमारतीतली पोरं कसली वरात आली म्हणून गच्चीवर नाचून गेली.

कुमुदताईंनी कीबोर्डवर पंचा टाकला. "पुरे. मी मंडळात सांगून टाकते, त्या बाहेरच्याला बोलवा."

वानखड्यांनी टेप गुंडाळली. ते घरी गेले आणि तीन दिवस त्यांच्या घरातून ड्रिलचा आवाज आला नाही. सोसायटीत घबराट पसरली. लोक माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारायला लागले, "वानखडे बरे आहेत ना?"

चौथ्या दिवशी ते उजाडताच खाली आले आणि दार वाजवून म्हणाले, "कुमुदताई, एकदा नुसता हात पाहू द्या. वाजवा अन् तो डावा मोकळा सोडा. बटणं मी झाकतो." त्यांनी बटणांवर पाट ठेवला. कुमुदताई वाजवू लागल्या. वानखडे पुन्हा फरशीवर आडवे. डावा हात हवेत, माशाचे कल्ले हलावेत तसा, उघडत होता आणि मिटत होता.

वानखडे उठून बसले. "भाता," ते म्हणाले.

"काय?"

"चाळीस वर्षं हा हात पेटीचा भाता मारून राह्यला. या यंत्राले भाताच नाई. हाताले रोजची वेळ झाली का काम पायजे, अन् कामच नाई. मग तो बटणं नाई दाबन तर काय करन?" त्यांनी खिशातली पाणसळ सरळ केली. "मले विचारा ना जी. व्ही.आर.एस. झाल्यावर मी काय करून राह्यलो? लोकाच्या पायऱ्या मोजून राह्यलो."

 कुमुदताई चहा ठेवायला उठल्या.

वानखड्यांनी जुन्या बाजारातून एका मोडक्या पेटीचा भाता आणला, नुसता भाता. कातडं बदललं, स्प्रिंग घातली आणि स्टँडच्या मागच्या बाजूला, बरोबर डाव्या हाताला येईल अशा अंतरावर, बोल्ट लावून बसवला. कीबोर्डशी त्याचा संबंध तुमचा माझा जितका चंद्राशी तितकाच.

"वानखडे, याने काय होतं?" कुमुदताईंनी विचारलं.

"काही होत नाई. हाताले वाटते का काही होऊन राह्यलं."

आणि कुमुदताई वाजवू लागल्या. डावा हात भात्यावर, फस्स, फस्स. उजवा हात पट्ट्यांवर, मनगट पाण्यासारखं सपाट. ढोल नाही, चा-चा-चा नाही, कुत्रं नाही. कीबोर्डमधून पेटीचा आवाज निघत होता तो कुमुदताईंच्या जुन्या पेटीचाच वाटावा. भात्याचा वारा मात्र जबरदस्त होता. पहिल्या अभंगाला कॅलेंडरचे चार महिने उलटले. दुसऱ्याला देवापुढची निरांजनं विझली. उन्हाळ्याचे दिवस होते. मंडळातल्या बायका सरावाला भात्याच्या तोंडाशी जागा मिळावी म्हणून तासभर आधी यायला लागल्या. बाहेरच्या पेटीवाल्याला निरोप गेला की येऊ नका.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती, गुरुवारी दुपारी. गुरुवारी आमच्या भागात लाइट जाते, दुरुस्तीसाठी. हे इथल्या भिंतीवरच्या पालीलाही माहीत होतं. संयोजकांना नव्हतं.

वानखडे आदल्या दिवशीच जाऊन रंगमंच मोजून आले होते. फळ्या ओबडधोबड, भाता मारला की स्टँडचा मागचा पाय नाचणार. खाली पुठ्ठे घालून पाहिले, नाचणं थांबेना. शेवटी त्यांनी स्वतःच खाली बसायचं ठरवलं. स्टँडचे पाइप दिसायला बरे नाहीत म्हणून कुमुदताईंनी त्याला चहूबाजूंनी एक जुनी नऊवारी गुंडाळली होती. तिच्या आत, विजेच्या वायरशेजारी, वानखडे स्टँडचा मागचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले. पाय बिचाऱ्यांचे लांब, तळवे साडीबाहेर राहिले. मोज्यांना रफू केलेलं होतं, अगदी सरळ रेषेत.

आमच्या मंडळाचं नाव पुकारलं आणि परीक्षक उठले. जाड भिंगांचा चष्मा, हातात छापील कागद. "नियम क्रमांक पाच," ते म्हणाले. "विजेवर चालणारी वाद्यं चालणार नाहीत. साथ फक्त पेटी, तबला आणि टाळ यांची."

मी एका खांबामागे सरकलो, कारण प्रवेशअर्ज मी भरला होता आणि नियम क्रमांक पाच मी पाहिलाच नव्हता. मी तर नियम क्रमांक एकही पाहिला नव्हता. मंडळाच्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. त्या नजरांनी माझी कातडी भाजली असती, पण मधे खांब होता.

परीक्षक कीबोर्डभोवती फिरले, वाकले. "हे काय आहे?"

कुमुदताईंनी शांतपणे डावा हात भात्यावर ठेवून एकदा मारला. फस्स. परीक्षकांच्या हातातला कागद उडाला.

"भाता दिसतोय," ते म्हणाले.

"हो," कुमुदताई म्हणाल्या. "दिसणारच."

"नवीन पद्धतीची पेटी आहे का?"

"आमच्या सोसायटीतच झाली."

"व्वा," परीक्षक म्हणाले आणि आपला कागद शोधायला गेले.

तीन अभंग असे झाले की मागच्या रांगेत झोपलेले लोक उठून पुढच्या रांगेत येऊन झोपले. चौथा अभंग रंगात आला आणि लाइट गेली. पंखे थांबले, दिवे गेले. खिडक्यांना जाड पडदे, मंगल कार्यालयात मिट्ट काळोख. आणि कीबोर्ड? मेला. सूरच थांबला. माइक नाही, पेटी नाही. आता परीक्षकांच्या ध्यानात येणार की विजेबरोबर सूर गेला म्हणजे वाद्य विजेचं होतं. स्पर्धा गेली, मंडळाची अब्रू गेली, आणि कुमुदताईंची पेटी या वेळी कायमची गेली. मी खांबामागे गजानन महाराजांना नारळ बोललो.

आणि अंधारात आवाज आला. फस्स. फस्स. फस्स. लयीत.

कुमुदताई वाजवत होत्या. मुक्या पट्ट्यांवर बोटं टकटक आपटत होती आणि भाता चालू होता. मंडळातल्या बायकांनी तो भाता ऐकला आणि इतक्या जोरात गायला लागल्या की सूर आहे की नाही हे त्यांनाच कळेना, परीक्षकांना काय कळणार? एक कडवं. दोन कडवी. शेवटच्या ओळीवर लाइट आली. कीबोर्ड जागा झाला, पण बंद पडून पुन्हा चालू झाल्यामुळे तो पेटीच्या आवाजावर नव्हता. शेवटचा सूर पियानोत वाजला. परीक्षकांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. शेरा असा होता, 'पेटीवादक बाईंनी शेवटच्या अभंगात गायकांना पूर्ण मोकळं सोडलं आणि समेवर पेटीचा रंगही बदलला. असा संयम हल्ली दुर्मीळ.'

दोन महिन्यांनी वानखड्यांच्या मुलाने धायरीला घर घेतलं आणि ते तिकडे गेले. विश्रांतवाडीहून धायरी म्हणजे अमेरिकेपेक्षा लांब, अमेरिकेला निदान विमान जातं. मधल्या दिवसांत ते जिन्यात भेटतच असतील, पण माझ्या डोळ्यांपुढे वानखडे म्हटलं की लाइट आल्याबरोबर दिसलेलं तेच दृश्य येतं. टाळ्या चालू आहेत, बाया रडताहेत, परीक्षक डोलताहेत. आणि नऊवारीखालून बाहेर आलेले ते दोन तळवे, जराही न हललेले. लाइट गेली होती, आली होती, अभंग संपला होता, आणि आत तो माणूस स्टँडचा पाय तसाच गच्च धरून बसला होता, कारण त्याला कोणी सोड म्हणालं नव्हतं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला गेलो तर डेअरीपाशी कुमुदताई भेटल्या. मी म्हटलं, "ताई, काल कमाल केलीत. सूर गेला हे तुम्हाला तर पहिल्या क्षणालाच कळलं असणार. मग नियम पाचमुळे वाजवत राहिलात, की मंडळासाठी?"

कुमुदताईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"खाली वानखडे स्टँड धरून बसले होते," त्या म्हणाल्या. "त्यांना उठायला वेळ लागतो."